कोळशाच्या टगवरून वाफेच्या जत्रेला

नेदरलँड्समध्ये उट्रेख्तहून डोर्ड्रेख्तला आगगाडीनं तास-सव्वा तास लागतो. आम्ही सकाळी आठला निघालो आणि पोहोचेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. कारण आम्ही निघालो होतो उट्रेख्तजवळच्या व्रेसवाइकच्या जुन्या बंदरातून, कोळशावर चालणाऱ्या एका टगवरून, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणाऱ्या छोट्या दणकट बोटीवरून. डोर्ड्रेख्तला दर दोन वर्षांनी मे महिन्याच्या अखेरीस वाफेच्या यंत्रांची मोठी जत्रा भरते, ‘डोर्ड्त इन स्टोम’. १९८५पासून चालू आहे. जुनी टग बाळगणारी मंडळी तिथं आपापली बोट घेऊन जातात, आणि खर्चाला हातभार लावणारे चार-सहा प्रवासी सोबत घेतात. त्यात यंदा मी आणि माझे मामा.

मामांना आणण्यामागे माझा स्वार्थ होता. त्यांची सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. युरोपातली चर्च आणि संग्रहालयं दाखवून त्यांचं समाधान होईना. "सगळं छान आहे रे, पण चालू काहीच नाही," हा त्यांचा शेरा. म्हटलं, चला, चालू असलेलं दाखवतो.

धक्क्यावर पोहोचलो तर धुराड्यातून धूर येतच होता. भट्टी आदल्या दिवशीच पेटवलेली. थंड बॉयलर घाईनं तापवला तर पत्रे सगळीकडे सारखे प्रसरण पावत नाहीत आणि जोडांवर ताण येतो, म्हणून रात्रभर मंद आच ठेवतात. मामांना हे मी सांगायला गेलो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

व्रेसवाइकचं लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारा दोन दरवाजांमधला हौद, १८९२चं. आम्सटरडॅमहून ऱ्हाइनकडे जाणाऱ्या बोटींसाठी जो मेर्वेडे कालवा खोदला, त्याचाच हा भाग. लॉकमधून बाहेर पडलं की लेक नदी आडवी येते. ती ओलांडून पलीकडे फियानेनला दुसऱ्या लॉकमध्ये शिरायचं आणि तिथून कालवा थेट दक्षिणेला गोरिन्खेमपर्यंत. १९५२मध्ये आम्सटरडॅम-ऱ्हाइन कालवा पुरा झाला आणि मोठी मालवाहतूक तिकडे वळली. त्यामुळे इथं आता गर्दी नाही. काठावर गळ टाकून बसलेले म्हातारे, सायकलवरून जाणारी शाळकरी पोरं, आणि गाई. कालव्याचं पाणी काही ठिकाणी शेजारच्या कुरणांपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे डेकवरून गाईंच्या पाठी दिसतात.

हा पट्टा मला थोडा कंटाळवाणा वाटला, खरं सांगायचं तर. मजा होती ती पुलांपाशी. एका बुटक्या पुलाच्या अलीकडे कप्तानानं घंटा दिली आणि दोघांनी मिळून धुराडंच मागे आडवं केलं! बुडाशी बिजागरी, दुसऱ्या बाजूला वजन, त्यामुळे फार जोर लागत नाही. पुलाखाली असताना सगळा धूर डेकवर पसरला. बायकामाणसं खोकत आत पळाली. मामा मात्र नाक वर करून उभे. "कोळसा चांगला आहे," म्हणाले. नेदरलँड्समधल्या शेवटच्या खाणी १९७४च्या अखेरीस बंद झाल्या. हा कोळसा बाहेरून येतो आणि दर वर्षी महाग होतो, असं टगवरच्या लोकांचं रडगाणं.

मग आम्ही खाली उतरलो ते गोरिन्खेम येईपर्यंत वर आलोच नाही.

इंजिनरूममध्ये उभं राहायला दोन माणसांपुरती जागा. इंजिन कंपाउंड जातीचं, म्हणजे एकच वाफ दोनदा राबवतात. आधी छोट्या सिलिंडरमध्ये जोराची, मग दाब उतरलेली तीच वाफ मोठ्या सिलिंडरमध्ये, आणि शेवटी कंडेन्सरमध्ये तिचं पाणी. सगळं उघड्यावर चालतं. दांडे वर-खाली होत असतात आणि इंजिनवाला त्यांच्या लयीत हात घालून बेअरिंग गरम झालंय का ते बघतो. बाहेरचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. वरून घंटा वाजेल तसा तो लिव्हर ओढतो. लॉकमध्ये शिरताना पुढे, थांब, मागे, थांब असे हुकूम इतक्या भराभर येत होते की माझाच जीव वर-खाली होत होता.

पलीकडे भट्टीपाशी विशीतली एक मुलगी फावडं चालवत होती. शिकते मेकॅनिकल इंजिनीअरिंग, शनिवार-रविवारी इथं. मामांना इंग्रजी बेताचं, तिला मराठी शून्य. मामांनी काचेच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. तिनं खालचा कॉक उघडून नळी फुर्रकन रिकामी करून दाखवली, बंद केला, पाणी पुन्हा झटकन वर चढलं. नळी तुंबलेली नाही, दाखवते ती पातळी खरी. मामांनी मान डोलावली. मग दाबाच्या काट्याकडे बघून मला म्हणाले, "नऊच? आमच्याकडे पंचेचाळीस किलो असायचं. पण हाताने कोळसा टाकून नऊ धरून ठेवायचं म्हणजे सोपं नाही. सांग तिला." मी सांगितलं. ती लाजली आणि तिनं फावडं मामांच्या हातात दिलं.

जेवणाचे डबे सिलिंडरच्या झाकणावर ठेवून गरम केले.

गोरिन्खेमच्या लॉकमधून बाहेर आलो आणि कालव्याची शांतता एकदम संपली. समोर बोवेन मेर्वेडे नदी, ऱ्हाइनच्या व्यापाराचा हमरस्ता. मागे, पलीकडच्या काठावर लूफेस्टाइनचा किल्ला दिसतो. कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस तिथं जन्मठेपेत होता आणि १६२१मध्ये पुस्तकांच्या पेटीत बसून निसटला. पेटी नदीपार याच गोरिन्खेमला आली, सोबत घरची मोलकरीण. आग्र्याच्या पेटाऱ्यांची आठवण कुठल्याही मराठी माणसाला होणारच. मामांनी मोलकरणीचं नाव विचारलं, एल्सये, आणि ते नाव जपून ठेवलंय म्हणून इतिहासकारांना शाबासकी दिली.

या नदीवर ११० मीटर, १३५ मीटर लांबीचे बार्ज जातात. कंटेनर, खडी, तेल. त्यांच्या लाटांनी आमची टग चांगलीच डुलली. समोरून येणाऱ्याला नेहमीच्या उलट बाजूने जायचं असेल तर तो निळी पाटी उभी करतो आणि त्यावर पांढरा दिवा लुकलुकतो. मग आपणही तसंच उत्तर द्यायचं. आमच्या टगवरही अशी पाटी होती, शंभरी उलटलेल्या लाकडी केबिनला स्क्रूने ठोकलेली.

उजव्या हाताला स्लीड्रेख्त, गाळ उपसणाऱ्यांचं गाव. पुढे पापेनड्रेख्तला बोस्कालिस या गाळ उपसणाऱ्या कंपनीचं मुख्यालय. न्हावा-शेवा बंदराची वाट खोल करण्याच्या कामात हीच कंपनी होती, म्हणजे आमच्या रायगडाशी हिचा संबंध आहे.

डोर्ड्रेख्तला नदी दुभंगते, नोर्ड आणि आउडे मास. त्या तिठ्यावर शिट्ट्यांचा नुसता गोंधळ चालला होता. प्रत्येक टगची शिट्टी वेगळी आणि प्रत्येकीला दुसरीचं उत्तर हवंच. १८९३ची ‘पीटर बूले’ दिसली, १९१६ची ‘फ्युरी’ दिसली. मोठ्या चर्चचा अर्धवट राहिलेला, कललेला मनोरा धुरात अधूनमधून गायब होत होता.

जत्रेविषयी थोडक्यात: रोडरोलर, मळणीयंत्रं ओढणारी इंजिनं, मुठीएवढी खेळण्यातली इंजिनं, सगळं आहे आणि सगळं चालू आहे. गर्दी बेसुमार. तळलेले मासे उत्तम, रांग अर्ध्या तासाची. तरी माझ्या मते जत्रा दुय्यम. तिथं आपण दोरीच्या अलीकडून बघतो. जमलं तर टगवरून या, आणि डेकवरची चांगली जागा दुसऱ्याला देऊन खाली जा. जुने कपडे घाला, कोळशाचा डाग निघत नाही.

आमचं परतीचं तिकीट आगगाडीचं होतं. टग सोमवारी परत निघणार होती आणि एक फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, कमी पडत होता. मामांनी मला न विचारता बोट वर केलं. कप्तान विम्याच्या कागदांबद्दल काहीतरी पुटपुटला, मग म्हणाला, प्रवासी म्हणून या, भट्टीपाशी बसा, पुढचं मी बघितलं नाही. सोमवारी मी ऑफिसात होतो. दुपारी मामांचा फोटो आला, काळंकुट्ट तोंड, आणि खाली एवढंच, "साडेनऊ धरलंय."