पाचवा उद्गार

बुधवार, रात्री साडेअकरा

परवा पाळकसाहेब घरी येऊन गेले. सलाम झाला, ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि चपला घालता घालता म्हणाले, "बाई, उत्तम शुक्रवारी पाचवा उद्गार तुमच्याकडे." मी नाही म्हणायच्या आत फाटकाबाहेर! ही त्यांची हातोटीच आहे.

गुड फ्रायडेची बारा ते तीन उपासना, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जण बोलणार. पहिला क्षमेचा, तो सगळ्यांना हवा असतो. चौथा पाळकसाहेब स्वतःकडे ठेवतात. पाचवा म्हणजे "मला तहान लागली आहे." मूळ ग्रीकमध्ये हा एकच शब्द आहे. बोलणारे बहुतेक जण शास्त्रलेख पूर्ण झाला एवढं सांगतात आणि लगेच आत्म्याच्या तहानेकडे वळतात. शब्बाथ शाळेतल्या लेकरांना मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. खऱ्या पाण्याची तहान म्हटली की आम्हाला कसंनुसंच होत असावं. देवाच्या पुत्राला घशाला कोरड?

ह्यांना लकवा होऊन 14 महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कळतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येत नाही. पाणी हवं असलं की डावा हात गळ्यावर ठेवतात. पाणी देणं हे पाचदहा मिनिटांचं काम आहे. साधं पाणी पटकन श्वासनळीत उतरतं, म्हणून त्यात पावडर घालून घट्ट करायचं, पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे घ्यायला लावायची आणि चमच्या-चमच्यानं द्यायचं. एक चमचा, गिळल्याची खात्री, मग दुसरा. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दिवसातून किती वेळा, ते मोजणं मी सोडून दिलं.

भेटायला येणारे म्हणतात, "बाई, तुमचा विश्वास केवढा मोठा! देवानं काय बळ दिलंय!" मी हसते. खरं काय ते इथं लिहून ठेवते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या प्रार्थनेत काही उरलेलं नाही. "प्रभू, बळ दे" एवढं म्हणते आणि झोप लागते, कधी तेही म्हणायच्या आधी. बाविसाव्या स्तोत्रात म्हटलंय की माझं बळ खापरासारखं सुकलं, जीभ टाळूला चिकटली. आज तयारीला बसले तेव्हा तिथंच अडकले. चौथा उद्गार, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ह्याच स्तोत्राची पहिली ओळ आहे हे ठाऊक होतं. पण बळ सुकणं आणि जीभ चिकटणं एकाच वाक्यात आहे, हे इतक्या वर्षांत डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

पुढचं उद्या. नळ येईल तेव्हा उठायचंय.

गुरुवार, दुपार

नळ पहाटे सव्वातीनला आला, दहाव्या दिवशी. टिल्लू मोटर लावली, ती घरघरली आणि बंद पडली. मग बादल्या. चौथ्या बादलीला कमरेत अशी उसण भरली की ओट्याला धरून उभी राहिले. ड्रम अर्धाच, नळ वाहतोय, आत ह्यांचा हात गळ्यावर गेलेला असणार.

शेजारच्या घरात दिवा होता. त्यांचाही ड्रम भरत होता, आवाज येत होता. एक हाक मारायची, बास. नाही मारली. रांगत म्हणावं तशी आत गेले, ह्यांना पाणी दिलं. परत आले तर नळ गेलेला.

हाक का मारली नाही, ते सकाळपासून मनात घोळतंय.

आमचं मूळ बेथेलचं. जालन्याजवळचं हे गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा देशस्थ ब्राह्मण पुढं निजामाच्या मुलखात आला आणि गावकुसाबाहेरच्या माणसांत राहिला. आमचे पणजोबा त्या माणसांतले. आजोबा सांगायचे, आधीच्या गावात आपल्या लोकांना विहिरीला शिवता येत नव्हतं. खाली ओंजळ धरून थांबायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी घालणार, नाही तर ऊन. महाडचं चवदार तळं 1927 चं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ती सांगून झाली की आजोबा म्हणायचे, "आता कुणापुढं ओंजळ धरायची नाही." आम्ही नातवंडं मान डोलवायचो. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्याच जिद्दीवर आमच्या घरातल्या मुली शिकल्या, मी डी.एड. झाले, 31 वर्षं शिकवलं. पण त्या वाक्याची माझ्या अंगात कधी काय घडी बसली कोण जाणे, मागणं म्हणजे ओंजळ धरणं असंच मी धरून चालले. बळ म्हणजे न मागणं.

शास्त्र पुन्हा उघडलं. दोन गोष्टी दिसल्या. वधस्तंभावर देण्याआधी त्याला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता, तो त्यानं घेतला नाही. म्हणजे नाही म्हणता येत होतं. आणि शेवटी शेवटी त्यानं आपण होऊन मागितलं. मागितलं कुणाकडे, तर ज्यांनी खिळे ठोकले त्या शिपायांकडे. त्यांनी त्यांची आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, स्पंजात भिजवून एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवरून वर धरली, आणि ती त्यानं घेतली.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातली, चौथ्या अध्यायातली. भर दुपारी विहिरीच्या काठावर थकून बसलाय आणि शोमरोनी बाईला म्हणतो, "मला प्यायला दे." ती चकितच होते, कारण यहुदी माणूस शोमरोन्याच्या हातचं घेत नसे. आमच्या आजोबांच्या विहिरीवर ओंजळ खालच्याची असायची. इथं ज्याला वरचा म्हणावं तोच हात पुढं करतो. आजोबांना हे दाखवायला हवं होतं. ते चिडले असते, की गप्प झाले असते? बहुतेक चहा मागवून विषय बदलला असता.

चारच्या सुमारास उठले, केस नीट केले (हेही माझंच खूळ) आणि शेजारी गेले. वहिनी मटकी निवडत होत्या. म्हटलं, "वहिनी, उद्या साडेअकरा ते साडेतीन तुमचा मोठा ह्यांच्याजवळ बसेल का? आणि माझी मोटर बिघडलीय, पुढच्या नळाला तुमची लागेल." त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाई, कामून सांगितलं नाही हो आजवर? आमाला वाटलं, तुमाला आवडत नसेल कुणी घरात शिरलेलं."

14 महिने त्या भिंतीपलीकडे असं समजून बसल्या होत्या.

निघताना म्हणाल्या, रविवारी तुमच्याकडची भजनं ऐकू येतात, त्यातलं एक तुकोबाचं का? तुकोबाचं नव्हे, टिळकांचं, म्हटलं. रेव्हरंड ना. वा. टिळक. चाल अभंगाची आणि पेटी-टाळ तेच, त्यामुळं भिंतीपलीकडे कुणाचीही फसगत होते.

शुक्रवार, संध्याकाळ

बोलले. दहा मिनिटं ठरली होती, सातच झाली. आत्म्याच्या तहानेबद्दल अवाक्षर काढलं नाही. चमचा, हनुवटी, पावडर, आजोबांची विहीर, एवढंच सांगितलं. मागच्या बाकावरचे एक वडीलधारे डोळे मिटून होते. झोपले असावेत असं मला वाटलं, पण नंतर त्यांनी बाहेर येऊन माझा हात बराच वेळ धरून ठेवला, बोलले काहीच नाही. महिला मंडळातल्या दोघीजणी मात्र जराशा नाराज दिसल्या. शुक्रवारी घरचं कशाला, असं असेल. असू दे.

तीनला सुटले, तर डांबर वितळल्यासारखं ऊन. सकाळपासून उपास, पाण्याचा घोट नाही. रिक्षा मिळेना. चालत आले.

दार उघडंच होतं. वहिनींचा मुलगा खाटेच्या कडेला बसलेला, हातात वाटी-चमचा. हे ताठ बसलेले, हनुवटी खाली. काल एकदाच दाखवलं होतं त्याला.

"काकू, काकांनी अर्धी वाटी घेतली. एकदा ठसका लागला, मग मी थांबलो. नंतर त्यांनीच हात केला, चालू ठेव म्हणून."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात उचलला, आणि गळ्यावर न ठेवता माझ्याकडे बोट केलं.

पोराला काय ते कळलं नाही, तो गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मी दारातच खुर्चीवर बसले. पर्स मांडीवरच होती.

म्हटलं, "मला एक पेला पाणी दे रे. माठातलं."