मालकीण लिहिते तेव्हा

ऑस्ट्रेलियात वसलेल्या गोऱ्या लेखिकांनी तिथल्या मूलनिवासी बायका कशा रंगवल्या, हे वाचायला घेतलं की आपण लगेच गुण वाटायला लागतो: ही मनाने चांगली, ती वर्णद्वेषी. त्यातून हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा पुस्तकाला रोखठोक प्रश्न विचारावेत. ही बाई कुठल्या भाषेत बोलते? दिवसभर काय काम करते, मोबदला काय मिळतो? तिच्या मुलाचा बाप कोण? आणि लिहिणारी तिची कोण लागते?

कवयित्री एलायझा हॅमिल्टन डनलॉप १८३८च्या फेब्रुवारीत सिडनीला उतरली. त्याच वर्षी १० जूनला मायल क्रीक इथे गोऱ्यांच्या टोळीने विरायराय या मूलनिवासी समाजाच्या किमान २८ लोकांना मारलं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सात जणांना १८ डिसेंबरला फाशी झाली. त्याआधी पाचच दिवस, गावभर आरोपींची बाजू घेतली जात असताना, डनलॉपची कविता छापून आली. कविता म्हणजे अंगाई. जीव वाचवून पळालेली आई बाळाला गप्प करतेय, कारण रडणं ऐकू गेलं तर गोरे येतील. अंगाईचा असा वापर आजही अंगावर येतो. १८४१मध्ये संगीतकार आयझॅक नेथनने तिला चाल लावली, तेव्हा ‘सिडनी हेरल्ड’ या वृत्तपत्राने नाकं मुरडली आणि डनलॉपबाईंनी पत्र लिहून उत्तर दिलं.

पण ही आई अस्सल इंग्रजी बॅलडच्या, म्हणजे कथागीताच्या, भाषेत बोलते. तिला नाव नाही आणि ती कुणाच्या घरी राबत नाही. तिच्यासाठी डोळे पुसायला वाचकाला स्वतःच्या घरात काहीच बदलावं लागत नाही. डनलॉपने पुढे वोलॉम्बीला राहून तिथल्या लोकांची गाणी आणि शब्द टिपून ठेवले. माझ्या मते ते काम कवितेपेक्षा मोलाचं.

जीनी गनचं प्रकरण वेगळं, कारण ती खरोखरच मालकीण होती. १९०२मध्ये ती नवऱ्याबरोबर नॉर्दर्न टेरिटरीतल्या एल्सी स्टेशनवर, म्हणजे गुरं पाळायच्या अफाट मळ्यावर, गेली. पुढच्याच वर्षी नवरा वारला आणि ती मेलबर्नला परतली. एवढ्याशा मुक्कामावर तिने दोन पुस्तकं लिहिली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. १९०५च्या पुस्तकातली आठेक वर्षांची मूलनिवासी पोरगी बेट-बेट लाघवी आहे, विनोदी आहे. मोठ्या बायकाही पोरींसारख्याच: घरकाम म्हणजे खिदळणं, आणि मालकीण लाडाने दटावणार. त्यांच्या तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी. स्वतःच्या भाषेत त्या काय बोलत असतील, ते वाचकापर्यंत येतच नाही. काम असं खेळ म्हणून दाखवलं की मजुरीचा प्रश्न उरत नाही. तिथल्या गुरांच्या स्टेशनांवर मोबदला म्हणजे मांस, पीठ, चहा, साखर, तंबाखू. मूलनिवासी कामगारांना समान वेतन देण्याचा निर्णय १९६६चा, तो लागू झाला १९६८पासून. आणि ज्या जमिनीवर हा सगळा संसार मांडला होता, ती २०००मध्ये तिथल्या मूळच्या मंगराई लोकांना परत मिळाली.

सगळ्यात अवघड कॅथरिन सुझाना प्रिचर्ड. ती कम्युनिस्ट होती, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या एका स्टेशनवर राहून आल्यावर तिने ‘कूनार्डू’ ही कादंबरी लिहिली. १९२८मध्ये ती ‘बुलेटिन’ या साप्ताहिकात क्रमशः आली आणि वाचक खवळले. गोऱ्यांनी काळ्या बायका ठेवणं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. गोऱ्या माणसाचं अशा बाईवर प्रेम असू शकतं, हे पचेना. कादंबरी उघडते तीच मूलनिवासी नायिका कूनार्डू हिच्या गाण्याने: झुडपाच्या सावलीत बसून दोन काटक्या एकमेकींवर वाजवत ती आपल्या भाषेत गातेय. हे डनलॉप आणि गन दोघींच्याही पुढचं पाऊल.

दोष मात्र येतो पुरुषांवर: स्टेशनचा गोरा मालक ह्यू याच्या कोंडलेल्या मनावर, शेजारच्या सॅम गेरीच्या लंपटपणावर. ह्यूची आई, स्टेशनची कर्तबगार मालकीण, कूनार्डूला लहानपणापासून घरकामात तयार करते आणि आपल्यामागे मुलाची काळजी घ्यायचं तिच्यावर सोपवते. तिच्याकडे लेखिका आदरानेच पाहते. कूनार्डूला ह्यूपासून मुलगा होतो, विनी. १९०५च्या कायद्याने वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मूलनिवासी आणि मिश्र वंशाच्या मुलांचं पालकत्व ‘चीफ प्रोटेक्टर’ या मूलनिवासींवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे होतं, आईकडे नव्हे. ही गोष्ट डोक्यात ठेवून विनीचे प्रसंग वाचा, म्हणजे कादंबरी कुठे गप्प बसते ते कळतं. शेवटी कूनार्डू रोगाने खंगून मरते. अशा नायिकेला म्हातारपण, नातवंडं सहसा मिळत नाहीत.

वाचायचा क्रम माझ्या मते उलटा ठेवावा. आधी मूलनिवासी लेखिका ग्लेनिस वॉर्डचं १९८७चं आत्मकथन: मिशनमध्ये वाढलेली मुलगी गोऱ्या घरात कामाला जाते आणि तिला चहाला वेगळा पत्र्याचा मग मिळतो. मग मूलनिवासी अभ्यासक आयलीन मोर्टन-रॉबिन्सनचं २०००चं पुस्तक, गोऱ्या स्त्रीवाद्यांनाही न सोडणारं. त्यानंतर गन घ्यावी. तिचं विनोदी पान तेव्हा वेगळंच वाचलं जातं. डनलॉपची कविता या क्रमात कुठेही बसते. छोटी आहे, दहा मिनिटांत होते.