नववीच्या गुणपत्रिकेसाठी साडेचार महिने

मुलगा महाराष्ट्रात नववी करून अमेरिकेत आला असेल आणि इथे हायस्कूलच्या संघातून बेसबॉल खेळत असेल, तर त्याच्या चेंडूचा वेग मोजण्याआधी एक काम उरका. जुन्या शाळेतून नववीची गुणपत्रिका मिळवा. मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का असलेल्या निदान तीन प्रती घ्या. आम्ही हे अकरावीच्या नोव्हेंबरात सुरू केलं आणि कागद हातात आला मार्चअखेर. ताशी 90 मैल, म्हणजे 145 किलोमीटर वेगाने चेंडू टाकणारा पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) एका कागदावाचून अडतो, हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षकाने सांगितलं नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मेजर लीग ही इथली सर्वांत वरची व्यावसायिक बेसबॉल लीग. तिचे क्लब नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट जुलैत होतो, 2021 पासून त्याच्या 20 फेऱ्या असतात. हायस्कूल संपलं की मुलगा त्यात बसतो. पण चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला ही अट नाही, तिथून दरवर्षी संधी असते. आमच्यासारखी बहुतेक घरं चार वर्षांचं कॉलेज धरतात, आणि तिथे एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांतले खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, पात्रता केंद्राचे नियम लागतात.

डिव्हिजन 1, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटासाठी, 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (4 पैकी सरासरी) लागतो. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट 2023 मध्ये गेली. खरी मेख पुढे आहे. बारावीचं पहिलं सत्र सुरू होण्यापूर्वी 16 पैकी 10 विषय पूर्ण हवेत आणि त्या 10 पैकी 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. दहावीत आलेल्या मुलाचा हिशोब करून बघा. दहावी आणि अकरावीत या तिघांचे वर्षाला तीन, म्हणजे सहाच होतात. सातवा सहसा नववीतूनच यावा लागतो. इथल्या हायस्कूलने नववीचे क्रेडिट स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर (इथल्या गुणपत्रिकेवर) चढवले तरी भागत नाही. ज्या शाळेत शिकला त्या शाळेचा कागद लागतो.

सात भरले नाहीत तर काय होतं? बाकीचं ठीक असलं तर मुलाला ‘अकॅडमिक रेडशर्ट’ मिळतो. शिष्यवृत्ती मिळते, पहिल्या सत्रात सरावही करता येतो, पण पहिलं वर्षभर सामना नाही. ड्राफ्टआधीच्या तीन वर्षांतलं एक वर्ष असं गेलं, तर स्काउटने, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याने, बघायचं काय?

आता शाळा. पहिल्या अर्जावर त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला पाठवला. त्यावर इयत्ता असते, वर्तणूक असते, गुण नसतात. दुसऱ्यांदा बोनाफाईड आलं. तिसऱ्यांदा ‘बोर्डाकडे विचारा’ असं उत्तर आलं. बोर्ड दहावी-बारावीच्या परीक्षा घेतं. नववी ही शाळेची अंतर्गत परीक्षा, तिची नोंद फक्त शाळेतल्या वर्गाच्या एकत्रित निकालपत्रकात असते. हे कार्यालयात बसणाऱ्याला माहीत नसावं? घरात प्रगतिपुस्तक होतं, ते स्कॅन करून दिलं तर चाललं नाही. मग स्नेहसंमेलन, मग मुख्याध्यापक निवृत्त आणि प्रभारींना सहीचा अधिकार आहे की नाही यावर तीन आठवडे.

काम झालं ते अर्ज बदलल्यावर. अर्जात ‘गुणपत्रिकेची दुय्यम प्रत, शाळेच्या लेटरहेडवर’ असे शब्द लिहा. दाखल्यावरचा जनरल रजिस्टर क्रमांक, शैक्षणिक वर्ष आणि तुकडी टाका. मग निकालपत्रक पाच मिनिटांत सापडतं. विषयवार गुण ‘पैकी’सह मागा. गणित भाग 1 बीजगणित आणि भाग 2 भूमिती वेगळे लिहून घ्या, कारण केंद्र बीजगणित किंवा त्यावरचं गणितच मोजतं. शाळा सेमी-इंग्रजी असेल तर तेही लिहून घ्या. आमचे गणित आणि विज्ञान धरले तेव्हा सहाचे आठ झाले. मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडावं लागतं, मूळ प्रतीऐवजी ते चालत नाही.

नावाकडे नीट बघा. आपल्याकडे आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. केंद्रात नोंदणी पासपोर्टप्रमाणेच करा आणि शाळेकडून ‘दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची’ अशी एक ओळ लिहून घ्या. पाकीट शाळेनेच बंद करायचं, चिकटवलेल्या जागेवर शिक्का. गावी भाऊ, मावशी कुणी जाणार असेल तर त्यांच्या नावे अधिकारपत्र द्या, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.

आणि कागद वेळेत येणारच नाही असं दिसलं, तर अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात इंग्रजीचा किंवा गणिताचा एक मान्यताप्राप्त विषय पूर्ण करा. तो सातात धरला जातो. हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं, आधी कळतं तर झोप लागली असती.

एच-4 वर, म्हणजे आई-वडिलांच्या एच-1बी नोकरी व्हिसावर अवलंबून, असलेल्या मुलाला कॉलेजात खेळता येतं, पण व्यावसायिक करारावर काम करता येत नाही. निवड झाल्यावर क्लबला पी-1 या खेळाडूंच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो, आणि कॉलेजचं तिसरं वर्ष साधारण तेव्हाच येतं. वकिलाशी आदल्या वर्षी बोला.

पिचर असेल तर चेंडू मोजायची वही आई-बाबांनीच ठेवावी. सतरा-अठरा वर्षांसाठी दिवसाला 105 ही कमाल मर्यादा, आणि 81 किंवा त्याहून जास्त झाले की चार दिवस विश्रांती. शनिवारी हायस्कूल आणि रविवारी ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरचा खासगी संघ) असं झालं की दोन्ही प्रशिक्षक आपापलेच चेंडू मोजतात. वैद्यकीय तपासणीचं वजन किती असतं हे कुमार रॉकर या पिचरकडे बघून कळतं. त्याची आई भारतीय वंशाची. 2021 च्या ड्राफ्टमध्ये मेट्स क्लबने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, तपासणीनंतर करारच दिला नाही. पुढच्या वर्षी रेंजर्स क्लबने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला.

ड्राफ्टनंतर कॉम्प्लेक्स लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा मेजर लीगखालच्या पायऱ्या आहेत. 2023 च्या करारात सिंगल-एचा किमान पगार वर्षाला 26,200 डॉलर ठरला, ट्रिपल-एचा 35,800. घरून मदत लागेल असं धरून चाला.

हौशी खेळाडू असल्याचं अंतिम प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षी 1 एप्रिलपासून मागता येतं, ते आपोआप मिळत नाही, पात्रता केंद्राच्या ऑनलाइन खात्यात जाऊन मागावं लागतं. नववीची पहिली प्रत केंद्राकडे गेली. दुसरी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाने मागितली. तिसरी आमच्या पासपोर्टच्या पाकिटात आहे.