गॉटफ्रिड फुक्सचा फोटो मिळवताना

जर्मनीतल्या कार्ल्सरूहला येऊन मला चार वर्षं झाली, पण जुना जर्मन फुटबॉलपटू फुक्स याच गावचा हे कळलं गेल्या उन्हाळ्यात. दिवाळी अंकासाठी ऑलिम्पिकवर लेख हवा म्हणून संपादककाकांचा फोन आला आणि मी 1912च्या स्टॉकहोमला जाऊन थांबलो. 1 जुलैला जर्मनीने रशियाला 16-0 हरवलं, त्यातले 10 गोल एकट्या फुक्सचे! डेन्मार्कच्या सोफुस नील्सनने 1908मध्ये तेवढेच केले होते. दोघांचा हा विक्रम मोडायला 2001 उजाडावं लागलं. जर्मनीकडून फुक्स फक्त 6 सामने खेळला आणि त्यात त्याने 13 गोल केले.

लेख चार रात्रींत लिहून झाला. अडलं ते फोटोपाशी.

मला हवा होता कार्ल्सरूहर एफव्ही या इथल्या फुटबॉल क्लबच्या 1910च्या संघाचा फोटो. त्या वर्षी होल्श्टाइन कीलला 1-0 हरवून हा क्लब जर्मनीचा विजेता झाला होता. फोर्डरर, फुक्स आणि हिर्श ही त्यांची आघाडीची तिकडी. जुने फोटो सांभाळणाऱ्या एका कार्यालयाकडे मी अर्ज केला. 'चित्रातील व्यक्तीचे नाव' या रकान्यात फुक्सचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, 3 मे 1889, भरली. एकोणीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: या नावाची नोंद नाही.

पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर, आणि शोधाचे पैसे दोन्ही वेळा भरावे लागले. (अर्ज करण्याआधी शोधाचे पैसे परत मिळतात का, ते विचारून घ्या.) काकांचा तगादा सुरू झाला. फोनवर कुणी धड सांगेना, म्हणून रजा टाकून प्रत्यक्ष गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी पेटीतून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. टंकलेखित, कडेला पिवळं पडलेलं. क्लबचं नाव, 1910, खाली क्रमांक. बस्स! एकाही खेळाडूचं नाव नाही. फोटो तिथेच होता, पण नावाने शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नव्हता.

तिथे माझा आवाज चढला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक त्या बाईंची नव्हती. पण डोक्यात 1939 होतं. त्या वर्षी राष्ट्रीय खेळाडूंच्या चित्रांचा जो संग्रह निघाला, त्यातून फुक्स आणि हिर्श गाळले गेले, कारण दोघे ज्यू होते. फुक्स 1937मध्येच देश सोडून निघाला होता. तो 1940ला कॅनडात पोहोचला. हिर्श मागे राहिला. 1 मार्च 1943ला त्याला ऑशविट्झला पाठवलं, तो परत आला नाही. 1972मध्ये जर्मन संघाचे जुने प्रशिक्षक सेप हर्बर्गर यांनी फुक्सला म्युनिकच्या सामन्यासाठी बोलवायचं सुचवलं, तेही जर्मन फुटबॉल महासंघाने नाकारलं. तो नकार निघण्याआधीच, 25 फेब्रुवारीला, मॉन्ट्रियलमध्ये फुक्स गेला होता. इतक्या वेळा वगळलेला माणूस, आणि इथल्या कार्डावरही नाही?

बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नावं घालायची असतील तर पुराव्यासह लेखी द्या."

दिलं. जुनी छापील संघयादी जोडली, तिघांच्या जन्मतारखा लिहिल्या. त्यात आणखी पंधरा दिवस गेले. तुम्हाला असा फोटो हवा असेल तर खेळाडूच्या नावावर विसंबू नका. क्लब आणि वर्ष आधी टाका, क्रमांक मिळाला की मगच अर्ज भरा. ऑगस्टात तर मुळीच जाऊ नका, निम्मं कार्यालय सुट्टीवर असतं. आणि छापण्याची परवानगी वेगळ्या कागदावर लागते, ती पहिल्याच दिवशी मागा.

अंक छापायला जायच्या तीन दिवस आधी जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं. संघाच्या फोटोची प्रत, सोबत नव्या नोंदीचा कागद. त्यावर क्लब, वर्ष, क्रमांक, आणि खाली तीन नावं. आता त्यांच्या यादीत फुक्स टाकला की फोटो येतो. मी त्याच रात्री दोनदा शोधून पाहिला.