धोंडूचं चिलखत : चाळीसपैकी वीस दिवस झाले

डंजन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकून गोष्ट पुढे नेण्याच्या खेळातलं माझं पात्र, धोंडू, पाचव्या लेव्हलला पोचलं. प्रोफिशियन्सी बोनस (कौशल्याचे जादा अंक) २ चा ३ झाला आणि ताकदीचे ३ धरून लोहारकामाच्या चेकला (काम जमतं का ते वीस बाजूंचा डाइस टाकून बघणं) आता +६ मिळतात. धोंडू ड्वॉर्फ, म्हणजे बुटक्या कारागीर जमातीतला आहे, लोहाराची अवजारं वापरणं त्याच्या रक्तातच आहे. आमचं टेबल डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांवर चालतं.

त्या नियमांत वस्तूच्या निम्म्या किमतीचा कच्चा माल लागतो आणि दिवसाला ५ गोल्डचं (सोन्याच्या नाण्यांचं) काम होतं. फुल प्लेट, म्हणजे अंगभर पत्र्याचं चिलखत, १५०० गोल्डचं, म्हणजे ३०० दिवस! पट्ट्यांचं चिलखत, स्प्लिंट, २०० गोल्डचं, ४० दिवसांत उरकतं. संरक्षण प्लेटचं १८, स्प्लिंटचं १७. एका अंकासाठी २६० दिवस भट्टीपुढे बसणं मला पटलं नाही. नवीन लोहारांना मी हेच सांगेन, आधी स्प्लिंट करा. (२०२४ च्या पुस्तकात रोजचा वेग १० गोल्ड आहे, तिथे हेच काम २० दिवसांत होतं.)

लोखंडाला १०० गोल्ड लागले. त्यावरून आमच्या विझार्डशी (गटातल्या जादूगाराशी) बरंच वाजलं, कारण दुसऱ्या लेव्हलचा मंत्र वहीत उतरवायलाही तेवढेच लागतात. शेवटी पुढच्या लुटीतला पहिला हिस्सा त्याचा, असं ठरलं.

पुस्तकात चिलखतासाठी डाइस टाकायला सांगितलेला नाही. आमच्या डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) घरचा नियम आहे : दर १० दिवसांनी एक चेक, १५ गाठायचे, हुकलं तर ते १० दिवस वाया. चौथ्या लेव्हलला पहिला चेक टाकला आणि ४ आले. +५ धरून ९. पट्ट्या तडकल्या. मला खरंच वाईट वाटलं, दोन सेशन मी त्याचीच वाट पाहत होतो.

मग एका सकाळी पोहे-जिलबी खाऊन इंदूरच्या राजवाड्याकडून कसेरा बाजारात गेलो. एक कारागीर तांब्याच्या पत्र्याला खोलगट आकार देत होता. सुरुवातीला ठोका बसला की पत्रा मऊ, बद्द वाजायचा. ठोके वाढत गेले तसा आवाज टणक झाला, वर चढला. त्याने लगेच हातोडी ठेवली, पत्रा सांडशीत धरून लाल होईपर्यंत तापवला, मग पुन्हा ठोकायला घेतला. मी विचारलं तर म्हणाला, "ऐसे ही पीटते रहोगे तो फट जाएगा." गार धातू ठोकून कडक होतो आणि तडकतो, हे पुस्तकात वाचलं होतं. पण ते कानाला कळतं, हे त्या दिवशी समजलं.

पुढच्या सेशनला धोंडूने तेच केलं. "आवाज चढला की मी पट्टी परत भट्टीत घालतो," असं मी सांगितलं. डीएम क्षणभर थांबला आणि म्हणाला, "अ‍ॅडव्हांटेज घे." म्हणजे दोन डाइस टाकून मोठा आकडा धरायचा. +६ वर १५ गाठायची शक्यता एरवी ६० टक्के, दोन डाइसवर ती ८४ होते. ११ आणि १७ आले. त्यापुढच्या चेकलाही त्याने अ‍ॅडव्हांटेज दिलं, ते काम १३ वर निभावलं.

वीस दिवस जमा आहेत. पट्ट्या तयार आहेत, आता त्या चामड्यावर रिवेटने बसवायच्या. रविवारी सुदामानगरला सेशन आहे. त्याआधी कुणाकडून तरी रिवेट ठोकताना बघून घ्यायचंय, डोकं कसं पसरवतात ते.