हीटर बंद असल्याची तक्रार

जानेवारीतली पहाट. पारा दहाच्या खाली उतरला होता. रावेर-यावलकडे केळीवाले रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून बागा राखत होते. आमच्या सुपरवायझर साहेबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. रेल्वेच्या ‘रेल मदद’ या तक्रारींच्या ॲपवर तक्रार होती : ‘डब्यातला हीटर बंद. प्रवासी गारठले. ताबडतोब कारवाई करा.’ डबा जनरल.

मी कॅरेज अँड वॅगनचा, म्हणजे डबे दुरुस्तीचा फिटर. ब्रेक ब्लॉक, कपलिंग, संडासाची तुटलेली कडी, गळका नळ हे रोजचंच. हीटर पहिल्यांदाच आला.

“साहेब, जे बसवलेलंच नाही ते बंद कसं पडेल?”

“ते मला नको सांगू. अमळनेरला गाडीत चढ, जळगावपर्यंत जा, तक्रार मिटवून ये.”

चढलो. डब्यात अपडाऊनवाले खचाखच भरलेले : शिक्षिका, दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेले दोघं. टूलबॅग बघून एक आजोबा मफलरीतूनच म्हणाले, “भाऊ, हीटर लई उनात का?” सगळा कंपार्टमेंट हसला.

तक्रार करणारा पोरगा कॉलेजचा निघाला. २०२५ च्या जूनमध्ये कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, तिच्या हीटरची रील त्याने पाहिली होती. “काका, तिकडे आहे, मग इकडे का नाही?” मी सांगितलं, तिकडे बर्फ पडतो, पाण्याच्या टाक्यासुद्धा गोठतात, म्हणून ती गाडी तशीच बनवलीय. आपल्याकडेही एसी डब्यात हीटर असतो. पण जनरलला उघड्या खिडक्या, उघडी दारं. ऊब टिकणार कुठे? त्याला काही ते पटलं नाही. खरं सांगायचं तर, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला असलं उत्तर मलाही पटलं नसतं.

म्हणून वारा कुठून येतो ते बघायला त्याच्या सीटवर बसलो. काचेचं शटर खाली होतं, तरी गुडघ्यांवर सुरीसारखा वारा लागत होता. शटर खालपर्यंत बसतच नव्हतं, दोन बोटं फट राहत होती. पत्र्याचं शटर तर वरच अडकलेलं, त्याची एका बाजूची कडी गायब. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा खालच्या खाचेत घातला आणि उकरायला लागलो. शेंगांची टरफलं, बोराच्या बिया, गुटख्याच्या पुड्या, घड्या घातलेलं जुनं तिकीट... सगळं धुळीत भिजून, वाळून सिमेंटसारखं घट्ट झालेलं. वर्षानुवर्षं खिडकीत बसून खाल्लेलं सगळं तिथे जमा. डबा धुणाऱ्याचं पाणीही त्यावरून वाहून जातं, आत शिरत नाही.

काचेचं शटर बसलं. पत्र्याचं हलेना. तेल हवं होतं, माझी बाटली रिकामी. समोरच्या मॅडमनी पर्समधून खोबरेल काढलं. ते पांढरं, दगड झालेलं. मग आजोबांनी बाटली कोटाच्या आत, काखेत धरली. धरणगाव येईपर्यंत चार थेंब सुटले, तेवढ्यावर शटर खाली आलं. कडीच्या जागी बाइंडिंग वायर आवळली.

“आते बरं वाटस,” आजोबा म्हणाले.

दाराचं मात्र जमलं नाही. दारात चार पोरं हवा खात उभी होती. लावलं की पुन्हा उघडायची. मॅडम ओरडल्या, दूधवाला ओरडला, पोरं म्हणाली आतमध्ये जागा द्या, मग लावतो. तेही खोटं नव्हतं. यावर पान्हा चालत नाही.

पाळधी गेल्यावर पोराला म्हटलं, “आता मेसेज येईल, चांगला शेरा दे.” तो म्हणाला, “काका, तुमचं काम एक नंबर. पण मी तक्रार हीटरची केली होती.” आणि माझ्यासमोर ‘असमाधानकारक’ दाबलं.

जळगावला उतरलो तोवर साहेबांचा फोन. शेरा खराब का आला, लेखी खुलासा द्या. दिला : ‘सदर डब्यात हीटरची तरतूद नाही. खिडकीची फट बंद केली. त्याच डब्यातील आणखी अकरा शटरं पूर्ण बसत नाहीत, कड्या व रबर मिळावे.’ खुलासा त्याच दिवशी मान्य झाला. कड्या आल्या. रबराचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, पडून आहे, आणि मी बॅगेत हॅक्सॉचे दोन तुकडे जास्तीचे ठेवायला लागलोय.