बहात्तर आणि सत्तावीस

ऑगस्टमधला सोमवार होता. चौथीच्या खोलीत रात्रभर पाणी गळलं होतं. बाकं ओली, फरशीवर डबकं. मुख्याध्यापिकांनी चौथीची मुलं माझ्या तिसरीत आणून बसवली. माझी ३८, त्यांची ३३. एका बाकावर चार-चार, उरलेली सतरंजीवर. चौथीचे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही घ्या तास, मी मागे बसून पोरांना सांभाळतो."

आमची शाळा पुण्याच्या दक्षिण टोकाला, कात्रजच्या अलीकडे. आजूबाजूला सतत इमारती उभ्या राहत असतात आणि तिथल्या मजुरांची मुलं आमच्याकडे येतात. कलबुर्गी, यादगीर, विजयपूरकडची कुटुंबं बरीच आहेत. घरात कानडी, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी.

मी हातच्याची वजाबाकी घेत होते. फळ्यावर काही लिहिलं नव्हतं, उदाहरणं तोंडी सांगत होते. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मुलांना ९९९९पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता यायला हव्यात, म्हणून मी ऐकून लिहिण्याचा सराव मुद्दाम घेते. "बहात्तर वजा अडतीस," मी म्हटलं. मुलांनी माना खाली घातल्या.

शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो. जूनपासून त्याची वजाबाकी चुकत होती. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'हातचा समजलेला नाही, उपचारात्मक अध्यापन आवश्यक.' ते अध्यापनही मी केलं होतं. काड्यांचे गठ्ठे दिले, दशकाचा गठ्ठा सोडून सुट्ट्या काड्या कशा करायच्या ते दाखवलं. काड्यांवर त्याला सगळं यायचं. वहीत पुन्हा चुकायचं. मी ठरवून टाकलं की याचं लक्ष नसतं.

सर त्याच्या शेजारीच सतरंजीवर बसले होते. मूळचे जतचे, कर्नाटकच्या सीमेजवळचे. त्यांच्या घरी कानडीच बोलतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. चार वर्षं आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे.

त्यांनी मला खूण करून बोलावलं. मुलाच्या वहीत वर २७ होते, खाली ८३ आणि उत्तर ६४.

"मॅडम, वजाबाकीचं राहू द्या. संख्या बघा."

मग ते मुलाला कानडीत म्हणाले, "इल्ली बा. एप्पत्तेरडु बरी." त्याने झटकन ७२ लिहिले. "मूवत्तेंटु." त्याखाली ३८. मग सातातला एक दशक सुटा केला, वर बारीक अक्षरात बारा लिहिले आणि खाली ३४. एकदाही अडखळला नाही.

सर मराठीत म्हणाले, "बहात्तर लिही." त्याने २७ लिहिले.

कानडीत एप्पत्तु म्हणजे सत्तर, एरडु म्हणजे दोन. ऐकू येतं त्याच क्रमाने अंक लिहायचे. मराठीत आपण 'बा' आधी म्हणतो आणि 'हात्तर' नंतर, म्हणजे दोन आधी, सत्तर मागून. त्याने घरचा नियम शाळेत लावला होता. ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. मग समोर उभी राहिली २७ वजा ८३, जी तिसरीत कुणी शिकवत नाही. सातातून तीन गेले चार. दोनातून आठ जाईनात, तर आठातून दोन काढले, सहा. तो दोन महिने रोज असल्या गणितांशी झुंजत होता आणि मी रोज तांबड्या पेनाने फुली मारत होते.

वही माझ्यासमोरच होती. २७ आणि ८३ स्पष्ट लिहिलेले होते. पण ३८ वह्या मधल्या सुट्टीत तपासायच्या म्हटल्यावर नजर थेट उत्तरावर जाते. ३४ नसेल तर फुली, पुढची वही. मांडणी बघायला मुलाजवळ बसावं लागतं आणि तेवढा वेळ शोधूनही सापडत नाही.

मला आणखी एक गोष्ट आठवली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर त्या बदलाची बाजू शांतपणे मांडत होत्या. तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सगळे भाषा बुडाली म्हणून हळहळलो. मीही. बहात्तर, त्र्याहत्तर हे शब्द मला आजही प्रिय आहेत आणि ते मुलांना यायलाच हवेत. पण कान मराठीत तयार न झालेल्या मुलाला ते कसे ऐकू येतात, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. एकोणसत्तरच घ्या. त्या शब्दात सहाही नाही आणि नऊही नाही. ६९ लिहायला मुलाला आधी सत्तरातून एक वजा करावा लागतो.

हे सगळं चाललं असताना माझा फोन टेबलावर चार वेळा थरथरला. माझ्याकडे मतदार यादीचं काम आहे. पाचव्यांदा उचलला. अर्ज अपलोड झालेले नाहीत, संध्याकाळपर्यंत करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामं अपवाद म्हणून शिक्षकांना देता येतात, हे मला मान्य आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय की निवडणुकीची कामं सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत. फोन मात्र अकरा वाजता येतो, वर्ग भरलेला असताना. मी बोलून परत आले तेव्हा सरांनी मुलांची दोन गटांत विभागणी करून संख्या ऐकून लिहिण्याचा खेळ सुरू केला होता. उलट लिहिणारी आणखी मुलं सापडली. त्यांतली काही मराठी घरातली होती.

त्याच आठवड्यात माझ्या एका ऑनलाइन प्रशिक्षणाची मुदत संपत होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हणतं. अपेक्षा रास्त आहे, मला शिकायचंच आहे. त्या रात्री स्वयंपाक करता करता मी मोबाइलवर व्हिडिओ लावले, शेवटी प्रश्नमंजूषा सोडवली, प्रमाणपत्र आलं. त्यातलं एक वाक्यही आज आठवत नाही. सरांनी सतरंजीवर बसून पंधरा मिनिटांत जे दाखवलं त्याची नोंद कुठल्याही पोर्टलवर होणार नाही, आणि माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला गणित शिकवण्याबद्दल इतकं नेमकं कुणी काही दाखवलेलं नव्हतं. तोवर माझ्या वर्गात मागे बसून गेलेली मोठी माणसं सगळी तपासणीला आलेली. ती फळा बघतात, टाचण बघतात, सही करतात. मुलाच्या वहीत डोकावून 'हा असं का लिहितोय' असं विचारणारं कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दशकाची निळी आणि एककाची पिवळी कार्डं केली. संख्या म्हटली की मुलाने आधी निळं कार्ड शोधायचं, मग पिवळं. तो मुलगा अजून बहात्तरला क्षणभर थांबतो, ओठांत पुटपुटतो, मग ७२ लिहितो. मी त्याला घाई करत नाही. नोंदवहीतली जुनी ओळ खोडली आणि शेजारी खरं कारण लिहिलं.

शुक्रवारी चौथीच्या छतावर ताडपत्री पडली, खोली कोरडी झाली आणि सर आपल्या वर्गात परत गेले. मी मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, आठवड्यातून एक तास आम्हाला एकमेकांच्या वर्गात बसू द्या. त्या म्हणाल्या, "बाई गं, दोन शिक्षक आधीच कमी आहेत. माणूस कुठून आणू?" त्यांचंही खरं होतं. मग त्यांनीच वेळापत्रक पुढे ओढलं, बराच वेळ बघितलं आणि बुधवारच्या कार्यानुभवाच्या तासावर बोट ठेवलं. त्या तासाला दोन्हींपैकी एका वर्गाला त्या स्वतः व्हरांड्यात बसवणार.

या बुधवारी मी चौथीत मागे बसणार आहे. सरांनी एका मुलीची वही आधीच माझ्याकडे दिली आहे. ती वाचते छान, पण श्रुतलेखनात प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द गाळते. का, ते त्यांना कळत नाही.